गीतेचा श्लोक आणि युटाचे मास्तर

नमस्कार मंडळी, आज अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका मास्तरांबद्दल बोलायचंय. नाव लॉवेल बेनियन, जन्म 1908 चा, धर्माने मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे. आता मॉर्मन म्हटलं की आपल्याला लगेच चार-चार बायकाच आठवतात, पण ती पद्धत सोडत असल्याचं त्यांच्या चर्चने 1890 मध्येच जाहीर केलं, तेव्हा ते राहू दे.

1928 मध्ये लग्न झालं आणि लगेच हा गडी धर्मप्रचाराला जर्मनीत, बायको मेर्ल इकडे घरी. नंतर तीही त्याच्याकडे गेली, मग तिकडेच शिक्षण, आणि 1933 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला पीएचडी, विषय जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर. तेव्हा अमेरिकेत वेबर फार कुणी वाचलाही नव्हता हो! त्याच परदेशात त्यांची पहिली लेक तान्ही असतानाच गेली.

परत आल्यावर सॉल्ट लेक सिटीत, युटा युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी चर्चची इन्स्टिट्यूट सुरू केली आणि 1962 पर्यंत तिथे धर्म शिकवला, पुस्तकं लिहिली. पोरांनी शंका काढली तर रागवायचे नाहीत, कारण शंका त्यांनाही होत्याच. त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा काळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नसे, ते यांना पटत नव्हतं आणि हे लपवायचेही नाहीत. 1962 मध्ये इन्स्टिट्यूट सुटली, त्यामागे हेही एक कारण होतं. ती बंदी उठली 1978 मध्ये. पण यांनी चर्च काही सोडलं नाही, मला हेच जास्त अवघड वाटतं, रागावून निघून जाणं त्यामानाने सोपं.

मग काय केलं? शेजारच्या आयडाहो राज्यात रँच काढलं, शहरातली पोरं उन्हाळ्यात तिथे राबायची. आणि म्हातारपणी जुना पिकअप घेऊन गरिबांकडे धान्य पोचवायचं, एकट्या म्हाताऱ्या बायकांची घरं दुरुस्त करायची, वेबरवर पीएचडी केलेला माणूस बरं का!

आणि त्यांचं आवडतं वचन कुठलं, तर आपल्या गीतेतलं, दुसरा अध्याय, 47 वा श्लोक, कर्मण्येवाधिकारस्ते. 1987 मध्ये युनिव्हर्सिटीच्या सेवा केंद्राला त्यांचं नाव मिळालं, 1996 मध्ये ते गेले.

मी हाच श्लोक शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी घोकला होता, आणि तिसरा नंबर आला म्हणून घरी येऊन रडलो होतो.