रांजणातली पातळी

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "आठवड्याला एक सांगितलंय, पण पंधरा दिवसांनी घेतलं तर नाही का चालणार? तेवढाच खर्च वाचेल." मार्च 2025 मध्ये यातलंच एक, मौंजारो, भारतात आलं, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 3500 रुपये होती. म्हणजे चार आठवड्यांचे चौदा हजार. घर चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक रक्तात येतं. पोट भरल्याचा निरोप ते मेंदूला देतं. पण शरीरातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, दोन-तीन मिनिटांत त्याचा फडशा पाडतं. हा निरोप टिकावा म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखे, पण चिवट रेणू घडवले. लिराग्लुटाइड शरीरात निम्मं व्हायला साधारण 13 तास लागतात, म्हणून ते रोज टोचावं लागतं. मौंजारोतलं टिर्झेपटाइड निम्मं होतं 5 दिवसांत आणि वेगोव्ही या दुसऱ्या इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड साधारण 7 दिवसांत. म्हणून ही दोन्ही आठवड्यातून एकदा.

आता डोळ्यांपुढे एक रांजण आणा. त्यातलं पाणी दर आठवड्याला निम्मं होतं आणि दर रविवारी तुम्ही त्यात एक कळशी ओतता. पहिल्या रविवारी एक कळशी, दुसऱ्या रविवारी दीड, तिसऱ्या रविवारी पावणेदोन. चार-पाच आठवड्यांत पातळी बसते: ओतल्यावर जवळजवळ दोन कळशा, आणि पुढच्या रविवारपर्यंत एक. सेमाग्लुटाइडचं असंच असतं. तीच कळशी पंधरा दिवसांनी ओतली, तर रांजण भरून सव्वा कळशीच्या जरा वर जाईल आणि तळाला कळशीचा तिसरा हिस्साच उरेल. सरासरी पातळी निम्म्यावर येते. शिवाय दुसऱ्या आठवड्यात औषधाचा जोर ओसरत गेला की दबलेली भूक पुन्हा डोकं वर काढू शकते.

उलट, लवकर बारीक व्हायचं म्हणून आठवड्यात दोनदा टोचून घेणं तर धोक्याचंच. पातळी पुरेशी उतरायच्या आत दुसरी कळशी ओतली की मळमळ, उलट्या, जुलाब वाढतात, अंगातलं पाणी कमी होतं. वेगोव्ही 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून 2.4 पर्यंत न्यायला 16 आठवडे घेतात, ते याचसाठी. पोटाला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो.

मग रोजचं इंजेक्शन जास्त गुणकारी असेल का? अमेरिकेत लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइडची समोरासमोर चाचणी झाली. 68 आठवड्यांनी रोजच्या लिराग्लुटाइडने वजन सरासरी 6.4 टक्के घटलं, आठवड्याच्या सेमाग्लुटाइडने 15.8 टक्के. आठवड्याने घेतलं म्हणून ते सरस ठरलं, असा अर्थ मात्र काढू नका. दोन्ही रेणूच वेगळे आहेत. यातून एवढंच कळतं की इंजेक्शनं किती वेळा घेतली, यावरून गुण मोजता येत नाही.

इंजेक्शनचा दिवस चुकला तर? घाबरू नका, पण दुप्पटही घेऊ नका. वेगोव्हीच्या पुढच्या डोसला दोन दिवसांहून जास्त अवकाश असेल, तर राहिलेला डोस आठवताक्षणी घ्या. नसेल तर तो सोडून ठरलेल्या वारी पुढचा घ्या. मौंजारोचा राहिलेला डोस चार दिवसांच्या आत घेता येतो. लग्नकार्य, प्रवास यासाठी वार बदलायचा असेल, तर मौंजारोच्या दोन डोसांत किमान तीन दिवस जाऊ द्या, वेगोव्हीच्या दोन डोसांत किमान दोन.

आणि लागोपाठ दोन-तीन आठवडे राहिले, तर पूर्वीचाच मोठा डोस थेट टोचून घेऊ नका. रांजण रिकामा होत आलेला असतो आणि पोटाची सवयही मोडलेली असते. आधी डॉक्टरांना फोन करा, कदाचित ते पुन्हा लहान डोसपासून सुरू करायला सांगतील. पैशांची अडचण असेल तर तीही त्यांना मोकळेपणाने सांगा. दुसरं औषध द्यायचं की डोस बदलायचा, हे त्यांना मग तुमच्यासोबत बसून ठरवता येईल.

नमस्कार.