मोठे टायर लावलेत, आता क्राउन-पिनियनचं बोला

मंडळी, नमस्कार. आत येण्याआधी पार्किंगमध्ये एक चक्कर मारून आलो. निम्म्या गाड्यांचे टायर माझ्या कमरेला लागत होते. माझी उंची हा वेगळा विषय आहे, हसू नका. टायर कुठले, कितीला पडले, कुठून मागवले, हे प्रत्येकाने न विचारता सांगितलं. डिफरन्शियलमध्ये दात किती, हे मात्र एकालाही सांगता आलं नाही. म्हटलं, चला, बरोबर ठिकाणी आलोय.

माझं म्हणणं छोटं आहे. टायर हा गाडीचा शेवटचा गिअर. इंजिनापासून निघालेली ताकद गिअरबॉक्स, मग ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केस, मग क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी, असं करत टायरपर्यंत येते आणि जमिनीला लागते. टायर उंच केला की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे तुम्ही न विचारता सगळेच गिअर वर सरकवलेत. कंपनीने क्राउन-पिनियन ठरवलं ते तिच्या टायरची उंची धरून. तेव्हा एक तर क्राउन-पिनियन बदला, नाहीतर ते टायर लावू नका. मधला मार्ग एकच, घाटात हाफ क्लचवर चढणं, म्हणजे क्लच जाळणं. त्याचं बिल इथे बऱ्याच जणांनी भरलेलं आहे, चेहऱ्यावरून कळतं.

हिशेब शेवटी सांगतो. त्याआधी विलीज. विलीजशिवाय मला बोलता येत नाही, हे संयोजकांना माहीत होतं, तरी त्यांनी बोलावलं.

महायुद्धातली विलीज एमबी जीप घ्या. पिनियनला ८ दात, क्राउनला ३९. भागाकार ४.८८, यालाच रेशो म्हणायचं: चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ४.८८ फेऱ्या. युद्ध संपलं आणि १९४५ मध्येच त्याच कंपनीने नागरी जीप काढली, सीजे-२ए. घराणं तेच, ‘गो डेव्हिल’ इंजिन तेच, टायरही तेच ६.००-१६. पण क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८. का? लष्कराला ताफ्याबरोबर पळायचं होतं, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. टायर तसाच राहिला, काम बदललं, तर त्यांनी दात बदलले. आपण टायर बदलतो आणि दातांकडे बघतही नाही.

आता या दोन जीपांचा आपल्याशी संबंध काय? पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली, शिवाय लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्या. त्यामुळे आपल्या भंगारात ४.८८ आणि ५.३८ शेजारी शेजारी पडलेले असतात. बाहेरून हाउसिंग बघाल तर पुढचा अ‍ॅक्सल ओळखू येत नाही. आणि इथेच माझ्या भाच्याची गोष्ट सुरू होते. संयोजक घड्याळ बघताहेत, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाच्याने जुनी जीप उभी केली. इंजिन नवं, रंग ऑलिव्ह ग्रीन, पुढचा अ‍ॅक्सल वाकलेला म्हणून दुसरा आणून बसवला. गॅरेजचं नाव घेत नाही, मालक भला माणूस आहे आणि त्याचे चुलते या सभागृहात असू शकतात. गाडी झकास चालली. पहिल्या पावसात पोरं मुळशीकडे चिखलात गेली, फोर व्हील टाकली, सुसाट. परत डांबरी रस्त्यावर आले आणि फोर व्हीलचा लिव्हर निघेना. टायर चिरचिरायला लागले, गाडी अवघडून चालायला लागली. मला फोन. मी म्हटलं, थोडी मागे घे, मग ओढ. मागे घेतली, लिव्हर खाटकन सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गॅरेजवाला म्हणाला, “ट्रान्सफर केस खराब आहे, साहेब.” ट्रान्सफर केस उघडली, बेअरिंगं बदलली, बिल झालं. लिव्हर तसाच अडकला. मग म्हणाला, “गिअर ऑइल हलकं होतं.” ऑइल बदललं. पुन्हा बिल. शेवटी मी गेलो. मागची दोन्ही चाकं घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली, टायरवर खडूची एक रेघ, पिनियनला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर एक. दोन्ही चाकं बरोबरीने एक फेरी फिरवली. प्रोपेलर सव्वापाच ओलांडून साडेपाचच्या अलीकडे थांबला. पुढे तेच केलं. पाचही पूर्ण झाल्या नाहीत. मागे ५.३८, पुढे ४.८८. पोरांना विचारलं, एका जुवाला एक तरणा खोंड आणि एक म्हातारा बैल जुंपलात, तर जू काय म्हणेल? जुन्या जीपला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. फोर व्हील टाकली की दोन्ही प्रोपेलर एकाच वेगाने फिरणार, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळणार. चिखलात ती घसरून फरक खपवतात. डांबरावर कुठे घसरणार? ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो.

यावर त्या गॅरेजवाल्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. “एवढा फरक चालतो. रस्त्यावर फोर व्हील टाकूच नका ना.” अहो, मग त्या ट्रान्सफर केसच्या बिलाचं काय? त्यावर म्हणाला, “बेअरिंगं नवी झाली, ते चांगलंच की.”

मग नाना पेठेत जोडी शोधायला निघालो. एका दुकानदाराने ४३ दातांचं क्राउन एका खोक्यातून काढलं आणि ८ दातांचं पिनियन दुसऱ्यातून. दात जुळतात, घ्या. घेऊ नका! क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार झालेलं असतं. दुसऱ्या कुणाशी लग्न लावलंत तर आवाज धरणार, आणि तो आवाज तेलाने जात नाही. जोडी मिळाली, पण बसवणारा “हाताला खेळ लागतो, तेवढा पुरे” म्हणणारा निघाला. खेळ, म्हणजे दातांमधली मोकळीक, हाताने नाही, डायल गेजने बघायचा. या आकाराच्या अ‍ॅक्सलला तो मिलिमीटरच्या दीड-दोन दशांशाच्या आसपास असतो. मग दातांना निळा लेप लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर पिनियनखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदला, पुन्हा बसवा, पुन्हा फिरवा. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच कोणी करत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. आता ज्यासाठी बोलावलंत ते, भरभर.

सूत्र: नव्या टायरची उंची भागिले जुन्या टायरची उंची, गुणिले जुना रेशो. २०२० च्या थारचा २५५/६५ आर १८ साधारण ७८९ मिलिमीटर उंच. ज्याला तुम्ही ‘पस्तीसचा’ (इंचांत) म्हणता तो ३१५/७० आर १७ साधारण ८७३. फरक साडेदहा टक्क्यांच्या वर. म्हणजे काटा ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८८ ला असाल, आणि ज्या वेगाला इंजिन २००० फिरायचं तिथे १८०० फिरेल. टर्बो नीट जागा व्हायच्या आत तुम्ही घाट चढायला निघालात. चाकावरचं ओढण्याचं बळ साडेनऊ टक्क्यांनी घटलं, ते वेगळंच.

सूत्राने येतो त्याच्यापेक्षा एक पायरी खोल, म्हणजे मोठ्या आकड्याचा, रेशो घ्या. हे मी म्हणत नाही. जीप रुबिकॉन, जिची जुळणी २०२१ मध्ये आपल्या रांजणगावला सुरू झाली, ती अमेरिकेत २८५/७० आर १७ वर ४.१० घेऊन येते. त्याच रुबिकॉनला तिथे कंपनीने ३१५/७० आर १७ दिले, तेव्हा रेशो केला ४.५६. सूत्राने ४.३१ येतो. वरचा फरक कशाला? मोठा टायर जडही असतो, तो फिरवायलाच ताकद जाते, वर गाडी उंच होऊन वाराही जास्त खाते.

पण वाटेल तेवढं खोल जाऊ नका. ४.१० म्हणजे बहुधा ४१ ला १०, ४.५६ म्हणजे ४१ ला ९, ५.१३ म्हणजे ४१ ला ८. पिनियनचे दात कमी होत जातात, डोकं बारीक होतं, आणि तुम्ही दगडावर चढवताना लोड त्याच्यावरच टाकता. आपल्याकडे प्रत्येक गाडीला हवी ती जोडी मिळत नाही. टायर विकत घेण्याआधी जोडी मिळते का ते बघा, नंतर नाही. आणि दोन्ही अ‍ॅक्सल बदला. भाचा आठवा.

नव्या जोडीला पहिले काही दिवस लोड नको, लांब पल्ल्याला सलग पळवू नका, मधे थंड होऊ द्या. आठशे किलोमीटरच्या आसपास तेल बदला, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. काढलेल्या तेलात बारीक चकाकी दिसली तर घाबरू नका, तुकडे दिसले तर घाबरा.

आरटीओचं विचारणार आहात, माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करणं त्यांना मान्य नाही. अपघात झाला की विमावाला पहिल्यांदा टायरच मोजतो.

ब्रेकचं राहिलंच. टायर उंच झाला की त्याच डिस्कला तीच गाडी थांबवायला जास्त जोर लागतो, आणि क्राउन-पिनियन बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. यावर तासभर... नाही, संयोजक उभे राहिलेत. ब्रेकवाल्यांनी चहाच्या टेबलाशी या, तिथे मला कोणी उठवत नाही.