शेपूट

[व्हिएतनाम. ह्वे शहरातल्या हॉटेलची गॅलरी. नायलॉनच्या दोरीवर कपडे. बाहेर भुरभुर पाऊस.]

खोलीची किल्ली हातात पडली की आम्ही आधी पलंग बघत नाही. दोरी कुठे बांधता येईल ते बघतो. सायकल चालवायच्या पॅडवाल्या चड्ड्या प्रत्येकाकडे दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर. ह्वेमध्ये फेब्रुवारीतही भुरभुर चालू असते, त्यामुळे पॅड काही वाळत नाही. मग रात्री अकराला शेजारच्या खोलीतून हेअर ड्रायरचा आवाज येतो. घरी स्वतःचा रुमालही न धुणारे गृहस्थ इथे चड्डी हातात धरून वाळवत बसलेले असतात. ओल्या पॅडवर दिवसभर बसण्याचा अनुभव एकदाच पुरतो.

हनोई ते सायगाव सायकलने, हायवे १ धरून गेलं तर साधारण १,७०० किलोमीटर. कागदोपत्री त्या शहराचं नाव १९७६ पासून हो चि मिन्ह सिटी आहे, पण बोलण्यात अजून सायगावच. आम्ही पुण्याचे १४ जण. सगळ्यांत धाकटी ३१ वर्षांची, सगळ्यांत मोठे काका ६७ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. सोबत एक व्हॅन. तिच्यात बॅगा, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि एक जास्तीचं चाक.

[पहाट. पार्किंगमध्ये पंपांचे आवाज.]

साडेपाचला हवा भरणं सुरू होतं. कोणी चेनला तेल लावतंय, कोणी मांडीला क्रीम. (दोन्हींच्या ट्यूब सारख्याच दिसतात. एकदा अदलाबदल झाली होती. तपशील नको.) मग कामं वाटली जातात. पुढे एक जण वळणं बघतो, आणि सगळ्यांत मागे एक जण राहतो. त्याला इतर ग्रुप स्वीप म्हणतात, आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाला नियम एकच: आपल्या मागे आपलं माणूस राहता कामा नये. ही पाळी कोणालाच नको असते. पाय मोकळे असतात, रस्ता गुळगुळीत असतो, आणि तुम्हाला मात्र सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने जायचं असतं.

आज पाळी माझी. आणि सगळ्यांत हळू कोण, हे सांगायला नको.

"अरे, तू हो पुढे. मी येतो निवांत."

"काका, आज नाही जाता येणार. शेपूट आहे मी."

"मग बस बोंबलत," असं म्हणून काकांनी पॅडल मारलं.

[रस्ता. कॅमेरा काकांच्या मागे.]

इथे वाहतूक उजवीकडून चालते. सरळ रस्त्यावर अडचण नाही. चौकात आलं की आपलं डोकं मुकाट्याने डावीकडे वळतं. काका प्रत्येक चौकाआधी मोठ्याने म्हणतात, "उजवा, उजवा, जेवायचा हात." आजूबाजूने स्कूटरी वाहत असतात. पाऊस असल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर रंगीत प्लास्टिकचे रेनकोट. त्यातले काही दोन डोक्यांचे असतात. एकाच कापडाला दोन टोप्या, पुढे चालवणारा, मागे बसणारा. समोर दिव्यापाशी पारदर्शक खिडकी शिवलेली, म्हणजे रेनकोट दिव्यावर आला तरी उजेड अडत नाही. पुढच्या टोळीने हे पाहिलं असेलच, पण काका थांबले, एका बाईंना खुणेने विचारून ती खिडकी बोटाने दाबून बघितली आणि म्हणाले, "आपल्याकडे का नाही सुचलं कोणाला?"

असे आम्ही थांबत जातो. ३० किलोमीटरला अडीच तास. व्हॅनमधून दोनदा फोन आला.

[रस्त्याकडेची रसाची गाडी. चरकाचा आवाज.]

रसवंती इथेही आहे. घुंगरू तेवढे नाहीत. उसासोबत छोटी, संत्र्यासारखी आंबट फळं चरकात घालतात आणि वर बर्फ. १० हजारांचा ग्लास. घाबरू नका, आपले तीसेक रुपये. व्हिएतनाममध्ये पहिल्याच दिवशी सगळे लखपती होतात. ५ लाख डाँगची नोट ही सगळ्यांत मोठी, आणि ती निळी आहे. २० हजारांचीही निळी आहे. दोन्हींवर हो चि मिन्हच. घामाने डोळे चुरचुरत असताना काकांनी २० हजार म्हणून ५ लाख दिले आणि आम्ही निघालोसुद्धा. रसवाली आजी स्कूटर काढून आमच्या मागे आली. नोट काकांच्या तोंडासमोर हलवत ती बरंच बोलली. शब्द एकही कळला नाही, अर्थ सगळा कळला. अशाच स्वरात आमची आजी आजोबांना बोलायची.

जेवणाचा प्रश्न वेगळा. आमच्यात सहा जण शाकाहारी. शाकाहारीला इथला शब्द 'चाय'. चहाला हनोईकडे म्हणतात 'चा'. पहिले दोन दिवस आम्ही चाय चाय करत चहा मागत होतो आणि समोर टोफू येत होता. आता 'कॉम चाय' अशी पाटी ओळखता येते: कॉम म्हणजे भात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक चाय खातात, आपल्या एकादशीसारखं. त्या दिवशी सोय चांगली होते. एरवी नुसती भाजी मागितली तर ती मिळते, पण न्युओक माम, म्हणजे माशांचा सॉस, टाकलेली. हॉटेलवाल्याच्या लेखी ते मीठच.

[लांग को. सरोवर, मागे ढगात शिरलेला डोंगर.]

दुपारी घाट. हाय व्हान, म्हणजे समुद्र आणि ढग. माथा ४९६ मीटर. सिंहगडावर सराव केलेल्या मंडळींनी हा आकडा ऐकून पुण्यातच मिशीवर ताव दिला होता. पण सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि त्याचा पायथाच बराच वर असतो. इथे पायथा म्हणजे खरोखरच समुद्र. सगळेच्या सगळे ४९६ पायांनी चढायचे. एक मेहेरबानी अशी, की २००५ साली सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाला आणि बहुतेक ट्रक-बस तिकडून जायला लागले. सायकलला बोगद्यात चालवायची परवानगी नाही. त्यामुळे घाटात उरतात स्कूटरी, पेट्रोलचे टँकर आणि आमच्यासारखे हौशी.

पुढचे लोक तासाभरात वर. आम्हाला पावणेदोन तास. काकांचं तंत्र असं, की रस्त्याकडेच्या खांबांवर नजर ठेवायची, दहा खांब झाले की एक घोट पाणी. बोलायचं नाही. मीही गप्प. अशा वेळी माणसाचा श्वास कसा चाललाय ते मागून नीट ऐकू येतं, आणि शेपटाचं खरं काम तेच आहे, हे मला त्या घाटात कळलं. सातव्या किलोमीटरला श्वास बदलला. मी काही न बोलता उतरलो, तेही उतरले. पंधरा मिनिटं आम्ही सायकली हातात धरून चाललो.

माथ्यावर धुकं. १८२६ साली मिन्ह मांग बादशहाच्या काळात बांधलेली विटांची वेस, आणि तिच्या अवतीभवती फ्रेंच आणि अमेरिकन काळातले काँक्रीटचे बंकर. दहा पावलं पुढे गेलो आणि मुक्कामाच्या दा नांग शहराकडची बाजू उघडी, ऊन पडलेलं. डोंगर उत्तरेची गार हवा अडवून धरतो, हे वाचलं होतं. रेनकोट काढताना पटलं.

[उतार. टायरचा फस्स आवाज.]

उतारावर काकांचं मागचं चाक बसलं. काचा नाहीत, खिळा नाही. काकांनी टायरच्या आतून अंगठा फिरवला, हळूहळू, तांदूळ निवडावेत तसा. केसाएवढी तार निघाली. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून अशा तारा रस्त्यावर सांडतात, हायवेवरची निम्मी पंक्चरं त्यांचीच, असं माझं मत. ट्यूब बदलली, पण हातपंपाचा दांडा वाकला. खाली एक गॅरेज होतं, कॉम्प्रेसरही होता, पण त्याची तोटी स्कूटरच्या व्हॉल्व्हची. आमचे व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. बसेना. दोन्ही जुळवणारा अ‍ॅडाप्टर कुठे? व्हॅनमध्ये. व्हॅन कुठे? दा नांगला, हॉटेलच्या दारात.

काकांनी पैशाच्या पाकिटातून पितळेचं एक टोपण काढलं, शेंगदाण्याएवढं.

"नाना पेठेतून घेतलंय. वीस वर्षं झाली."

गॅरेजवाल्या पोराने ते उलटंसुलटं बघितलं, हवा भरली, पैसे घेतले नाहीत. टोपण ठेवून घेण्याची त्याला इच्छा होती, तेवढी काकांनी पुरी केली नाही.

[रात्र. हॉटेलची लॉबी.]

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. लीडरने बोटाने मोजलं, बारा, तेरा, चौदा, आणि मगच जेवणाचं निघालं. हे रोजचं आहे. शनिवार असल्यामुळे नऊला ड्रॅगनच्या पुलावर आगीचा खेळ होता. अर्धे तिकडे गेले.

"उद्या शेपूट कोण?" लीडरने वही उघडली. सगळे मोबाइलमध्ये.

"मला द्या," काका म्हणाले.

"अहो, पण तुम्ही..."

"तसाही मीच मागे असतो ना?"

लीडरने नाव लिहिलं.

गॅलरीला गज नव्हते. दोरी शेवटी पडद्याच्या दांडीला बांधली.