सिक्स्थ फॉर्मला अर्थशास्त्र की बिझनेस?

नमस्कार श्रोतेहो.

या गुरुवारी इंग्लंडमधल्या सोळा वर्षांच्या मुलांचे जीसीएसईचे, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचे, निकाल लागतील आणि त्याच दिवशी सिक्स्थ फॉर्म कॉलेजांमध्ये प्रवेशाच्या रांगा सुरू होतील. पुढची दोन वर्षं कोणते तीन विषय घ्यायचे, यावर आपल्या मराठी घरांत सध्या रोज खल चाललेला असणार. मी लंडनच्या पश्चिम भागातल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात अर्थशास्त्र आणि बिझनेस असे दोन्ही विषय शिकवते. प्रवेशाच्या टेबलाशी दरवर्षी एक वाक्य कानावर येतं, आणि ते मुलांपेक्षा आईवडीलच जास्त बोलतात: "सायन्स झेपत नसेल तर बिझनेस घेऊ दे." आज मला त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. या विषयांची मेहनत वेगळ्या जातीची आहे. स्वतःचं मत बनवायचं, ते आकड्यांनी तपासायचं आणि समोरच्याला पटेल असं लिहायचं. हे ज्याला आवडत नाही, त्याला हे विषयही झेपत नाहीत.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. आपली जी अकरावी-बारावी, ती इथली इयर ट्वेल्व्ह आणि इयर थर्टीन, म्हणजेच सिक्स्थ फॉर्म. शाळेतच पुढे राहता येतं किंवा फक्त याच वयाच्या मुलांसाठी असलेल्या स्वतंत्र कॉलेजात जाता येतं. सरकारी शाळा-कॉलेजांत त्याला फी नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण किंवा कामाचं प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे. विषय बहुतेक मुलं तीनच घेतात, पण खोलात. परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी, एकदाच. तिला ए-लेव्हल म्हणतात.

आणि इथे शाखा नाहीत. आपल्याकडे कॉमर्स म्हटलं की बुक-कीपिंग, ओसीएम (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणीसाची कार्यपद्धती) आणि अर्थशास्त्र असा संचच हाती येतो. इथे एखादी मुलगी भौतिकशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र घेते, तर तिच्या शेजारचा मुलगा इतिहास, मानसशास्त्र आणि बिझनेस. त्यामुळे "सायन्स की कॉमर्स" हा आपण गावाहून बरोबर आणलेला प्रश्न इथे लागूच होत नाही. अर्थशास्त्र शिकवणारे शिक्षक सगळ्या सरकारी शाळांमध्ये नसतात. मोठ्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मात्र दोन्ही विषय मिळतात. केवळ यासाठी शाळा बदलणारी मुलंही असतात, आणि मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. जीसीएसईला अर्थशास्त्र फारच थोड्यांनी घेतलेलं असतं, म्हणून सप्टेंबरमध्ये वर्गातली बहुतेक मुलं एकाच रेषेवर उभी असतात.

आता दोन विषयांत फरक काय? वर्गात मी वडापावपासून सुरुवात करते. शनिवारच्या बाजारात एक स्टॉल आहे असं समजा. जागेचं भाडं दिवसाला ६० पौंड. एक वडापाव ४ पौंडांना विकायचा. पाव, बटाटा, तेल, चटणी, वरचा कागद असा एका नगाचा खर्च दीड पौंड. म्हणजे प्रत्येक वडापावमागे अडीच पौंड भाड्यासाठी उरतात. ६० भागिले अडीच, २४. चोविसावा वडापाव विकला की भाडं फिटलं, पंचविसाव्यापासून नफा. हा झाला ब्रेक-इव्हन, आणि इथवर सगळ्यांना जमतं.

मग कुणीतरी म्हणतं, "मिस, किंमत ५ पौंड करा की!" फळ्यावर गणित होतं: आता साडेतीन पौंड उरतात, अठरा विकले तरी पुरे. वर्ग खूश होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "पण शेजारी समोसा ३ पौंडांना मिळत असेल तर?" माझ्यासाठी तास इथे सुरू होतो. किती गिऱ्हाइकं तुटतील? नेहमीची तुटतील की सहज आलेली? पावसाच्या शनिवारी काय होईल? स्टॉलवाल्याने काय करावं, हा बिझनेसचा प्रश्न आहे. त्यात पैशांची आवक-जावक आली, माणसं नेमणं आलं, जाहिरात आली, आणि हातात पुरेशी माहिती नसताना निर्णय घेणं आलं.

अर्थशास्त्र याच स्टॉलवरच्या तेलाकडे बोट दाखवतं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, आणि सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत युक्रेन जगात आघाडीवर. काही आठवड्यांत इथल्या सुपरमार्केटांनी गिऱ्हाइकामागे दोन-तीन बाटल्यांची मर्यादा घातली. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण रिकाम्या फळीसमोर उभे राहिले असतील. एका ठिकाणचा पुरवठा तुटला की दुसऱ्या तेलांच्या किमती का चढतात, महागाई पगाराच्या पुढे का धावते, सरकारने मध्ये पडावं की नाही, हे अर्थशास्त्राचे प्रश्न. एक विषय दुकानाच्या आत उभा राहून पाहतो, दुसरा साऱ्या बाजाराकडे. दोन्ही एकत्र घेता येतात, पण अभ्यासक्रमाचा बराच भाग एकमेकांत मिसळतो. माझं मत विचाराल तर यातला एक घ्यावा आणि तिसरी जागा वेगळ्या विषयाला द्यावी. चुरशीच्या विद्यापीठात जायचं असेल तर त्या त्या कोर्सच्या अटी आधी वाचाव्यात.

परीक्षेत काय मागतात, ते एका उदाहरणाने सांगते. साखरयुक्त पेयांवरचा कर. मार्च २०१६ मध्ये जाहीर झाला, एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ते ८ ग्रॅमच्या मधे असेल तर लिटरमागे १८ पेन्स, ८ किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. मी रिकाम्या बाटल्या वर्गात नेते आणि मुलांना मागचं लेबल वाचायला लावते. कुणाच्या हातात साडेचार ग्रॅमवाली बाटली येते, कुणाच्या हातात दहाच्या वरची.

यावर २५ गुणांचा निबंध दिला की दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं उत्तर असं: कर लागला, किंमत वाढली, मागणी घटली, लठ्ठपणा कमी झाला. आकृती नीट काढलेली असते, व्याख्या अचूक असतात. चूक काहीच नाही, तरी हे उत्तर मधल्या पायरीपर्यंतच पोचतं. दुसऱ्या उत्तरातला विद्यार्थी लेबलाकडे परत जातो. तो लिहितो की कराला पायऱ्या आहेत आणि कंपन्यांना दोन वर्षं आधी कळलं होतं, म्हणून ल्यूकोझेड आणि आयर्न-ब्रू यांनी साखरच कमी केली. कोका-कोलाने मूळ चव तशीच ठेवली. म्हणजे कराचा परिणाम गिऱ्हाइकाच्या खिशातून कमी आणि कारखान्यातल्या कृतीतून जास्त झाला. पुढे तो विचारतो, फळांचा रस करातून सुटला, मग लोक तिकडे वळले तर? कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या बजेटमध्ये अशा कराचा वाटा मोठा असतो, त्याचं काय? आणि शेवटी एक ठाम निष्कर्ष देतो, कोणत्या परिस्थितीत तो बदलेल हेही सांगून. वरचे गुण याला मिळतात. परीक्षक ठरावीक निष्कर्ष शोधत नसतो. निष्कर्षापर्यंतची वाट तो तपासत असतो.

आपल्या मराठी घरांतली मुलं पहिल्या प्रकारच्या उत्तरात फार तयार असतात. पाठांतर चोख, आकृत्या पट्टीने काढलेल्या. अडतात ती "तुला काय वाटतं?" या प्रश्नाशी. हुशार मुलं पेन हातात धरून थांबलेली मी पाहिली आहेत, कारण बरोबर उत्तर कोणतं ते कुणी सांगेल याची ती वाट पाहत असतात. त्यांना मी पोर्ट टॅलबॉटचं प्रकरण देते. वेल्समधल्या या गावातल्या टाटा स्टीलच्या दोन्ही झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, शेवटची ३० सप्टेंबरला. रोज सुमारे दहा लाख पौंड तोटा होतो असं कंपनी सांगत होती. जुन्या भट्ट्यांच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी उभारायची, त्यासाठी ब्रिटिश सरकारचे ५० कोटी पौंड. कर्बवायू घटणार, आणि सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असंही जाहीर झालं. टाटा हे नाव आपल्या घरांत आदराने घेतलं जातं. अशा घरातलं मूल जेव्हा भट्टीवरच्या कामगाराच्या बाजूने युक्तिवाद लिहितं, आणि मग स्वतःच त्याला उलट उत्तर देतं, तेव्हा ते अर्थशास्त्र शिकायला लागलं असं मी मानते.

गणिताबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ए-लेव्हल अर्थशास्त्रात किमान २० टक्के गुण आकडेमोडीशी संबंधित असतात, बिझनेसमध्ये किमान १० टक्के. ते गणित जीसीएसईच्या पातळीचं असतं, तरीही अनेक कॉलेजं अर्थशास्त्रासाठी जीसीएसईच्या गणितात ६ ची श्रेणी (९ सर्वांत वरची) मागतात. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिजला अर्थशास्त्र करायचं असेल तर ए-लेव्हल गणित अनिवार्य आहे. ए-लेव्हल अर्थशास्त्र मात्र अनिवार्य नाही. हे अनेकांना दुसऱ्या वर्षी कळतं, तोवर विषय बदलायची वेळ गेलेली असते. म्हणून आत्ताच सांगते. ज्यांना वर्षभर असाइनमेंट करत शिकणं मानवतं त्यांच्यासाठी बीटेक बिझनेस आहे (इंजिनिअरिंगची पदवी नव्हे, ए-लेव्हलच्याच वयाचा व्यावसायिक अभ्यासक्रम), आणि त्यालाही कुणी कमी लेखू नये.

आणखी एक गोष्ट मला बोचते. देशभरात ए-लेव्हल अर्थशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम एक तृतीयांश असतात. घरखर्च, भिशी, सोन्याचा भाव यांची चर्चा ज्या घरांत आजी आणि आई करतात, त्या घरातल्या मुलीला हा विषय परका वाटायचं काहीच कारण नाही. तुमच्या मुलीने विचारलं तर तिला नक्की पाठवा.

मराठी माणसाचं या विषयाशी नातं तर फार जुनं आहे. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम या कॉमर्स कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथून ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी. प्रबंधाचा विषय होता रुपया. भारताचं चलन सोन्याशी जोडण्याची जी पद्धत चालू होती, तिची केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने पाठराखण केली होती. बाबासाहेबांनी तिच्याशी असहमती दाखवली. रुपयाचा विनिमय दर सांभाळण्यापेक्षा देशातल्या माणसाला त्या रुपयात काय विकत घेता येतं, ते स्थिर राहणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. माझ्या वर्गात मी जे मागते त्याचा इतका मोठा नमुना दुसरा नाही: समोर कितीही मोठं नाव असो, आकडे तपासा, आपलं मत मांडा आणि त्याची जबाबदारी घ्या.

पालकांनी काय करावं? ट्यूशन लावण्याआधी जेवताना मुलांना घरच्या पैशांबद्दल बोलू द्या. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला बँक ऑफ इंग्लंडचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर ०.१ टक्क्यावर होता, ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर गेला. मधे ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ११.१ टक्क्यांवर पोचली होती. त्या काळात ज्यांच्या मॉर्गेजचा, म्हणजे घरकर्जाचा, ठरावीक दराचा करार संपला, त्यांच्या हप्त्याचं काय झालं हे त्या घरातल्या मुलांनी पाहिलं आहे. जुनं आणि नवं पत्रक मुलांसमोर ठेवा. वाढलेल्या हप्त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती, हे त्यांनाच काढू द्या. मग विचारा की हप्ता वाढला तेव्हा आपण कशावरचा खर्च कमी केला, त्याने कुणाचा धंदा बसला, आणि बँकेत ठेव असलेल्या माणसाला याच दरवाढीचा फायदा कसा झाला. मुलाने तुमच्या मताविरुद्ध मत दिलं तर त्याला कारण विचारा, गप्प करू नका.

ऑक्टोबरच्या सुट्टीत एक दिवस काढता आला तर बँक ऑफ इंग्लंडचं संग्रहालय दाखवा. प्रवेश विनामूल्य आहे, आणि तिथे खरीखुरी सोन्याची वीट हाताने उचलून बघता येते. तिथून प्रिमरोझ हिलजवळ, १० किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते ते हे घर. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. बँकेला आज सरकारने २ टक्के महागाईचं लक्ष्य दिलेलं आहे. ते पाळण्यासाठी तुमचा हप्ता वाढवणं योग्य होतं का, हा प्रश्न परतीच्या ट्रेनमध्ये मुलाला विचारा, आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

नमस्कार.