पट्टा, बकल आणि पाइनची डहाळी: स्कॉटिश कुळाचा टॅटू गोंदवण्याआधी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘स्कॉटिश कुळाचा टॅटू कसा निवडावा’, आणि एवढी माणसं आलीत म्हणजे प्रश्न घराघरांतला आहे. एडिंबरातल्या आपल्या मराठी घरांत आता जावई फ्रेझर आहेत, सुना मॅकेंझी आहेत, नातवंडं मॅक्लाउड आहेत. नातू अठराचा झाला, म्हणजे इथल्या कायद्याने गोंदवायला मोकळा झाला, की त्याला दंडावर क्लॅनचं, म्हणजे कुळाचं, चिन्ह हवं असतं. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. आपली माणसं कोण होती हे त्या पोराला अंगावर वागवायचंय, त्याला नावं ठेवू नका. माझं भांडण आहे ते तो टॅटूवाल्याकडे जे चित्र घेऊन जातो त्या चित्राशी.

चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. गोल वळवलेला पट्टा, खाली बकल, पट्ट्यावर ब्रीदवाक्य आणि मधोमध एखादं जनावर. मॅक्लाउडांचा असतो समोर बघणारा बैल, शिंगांच्या दोन्ही बाजूंना निशाणं, वर ‘होल्ड फास्ट’. लोक याला सर्रास ‘आमच्या घराण्याचं क्रेस्ट’ म्हणतात. अहो, तो बैल आणि ते ब्रीद एकट्या चीफचं, म्हणजे कुळाच्या प्रमुखाचं आहे! स्कॉटलंडमध्ये आडनावाला मानचिन्ह नसतंच. ते एकेका व्यक्तीला दिलं जातं. त्याची सरकारी नोंदवही 1672 सालापासून आहे आणि ती सांभाळणारे अधिकारी, लॉर्ड लायन, इथेच, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाजवळ बसतात. त्यांचं स्वतंत्र न्यायालय आहे, आणि दुसऱ्याचं मानचिन्ह बिनहक्काने मिरवणाऱ्यावर तिथे कारवाई होऊ शकते. बाहेरचा पट्टा एवढंच सांगतो की मी या चीफचा माणूस. चीफ स्वतः पट्टा लावत नाही, तो साधं कडं लावतो आणि टोपीत गरुडाची तीन पिसं खोचतो. तेव्हा पट्ट्यासकट चिन्ह लावलं तर ती निष्ठा झाली. पट्टा काढला तर तुम्ही स्वतःला चीफ म्हणवून घेताय. आणि चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून टॅटूवाले नेमका तो पट्टाच उडवतात. मी पाहिलंय हे, म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

आता या दुकानांबद्दल बोलायलाच हवं. वेळ जाईल, पण जाऊ दे. जुन्या शहरात टुरिस्टांसाठी दुकानं आहेत. आडनाव सांगा, मुलगी ते कॉम्प्युटरवर टाकते, आणि क्रेस्ट, टार्टन म्हणजे कापडाची चौकडी, एक पानभर इतिहास छापून हातात देते. माझ्या भाच्याचा एक मित्र कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आला होता, आडनाव ड्रमंड. त्याने असा कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशीची टॅटूची वेळ ठरवून आमच्याकडे जेवायला आला. कागदावर ड्रमंड चीफचा बाज, पंख पसरलेला. जेवताना सहज म्हणाला, आजोबा सांगायचे की आपण खरे ड्रमंड नाही, खरं नाव लपवावं लागलं होतं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

कारण स्कॉटलंडमध्ये नाव लपवावं लागलेलं एक कुळ साऱ्यांना ठाऊक आहे, मॅकग्रेगर. 1603च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रुइनला त्यांनी कोहून कुळाची मोठी कत्तल केली. एप्रिलमध्ये राजा सहाव्या जेम्सच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, ते आडनावच रद्द केलं. मॅकग्रेगर म्हणवून घेणाऱ्याला मृत्युदंड! त्यांच्या चीफला पुढच्या जानेवारीत याच एडिंबरात फाशी दिलं. उरलेल्यांनी जे मिळेल ते आडनाव घेतलं, कॅम्बेल, मरे, ग्रँट, ड्रमंड. त्यांच्यातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉयसुद्धा कागदोपत्री कॅम्बेल होता. मधे दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, 1693 साली ती पुन्हा लादली गेली आणि कायमची सुटका झाली 1774 साली. बंदीची वर्षं जवळजवळ एकशेचाळीस, मंडळी! लेकराला खरं नाव कानात सांगायचं आणि बाहेर बोलू नकोस म्हणायचं. आणखी एक गोष्ट ऐका. 1589 साली राजाचा एक वनाधिकारी मारला गेला, त्याचा आळ मॅकग्रेगरांवर होता आणि मेलेला माणूस ड्रमंड होता. आजोबांचं म्हणणं खरं असेल तर हा मुलगा ज्यांच्याशी आपल्या कुळाचं वैर होतं त्यांच्या चीफचा बाज जन्मभर दंडावर वागवणार होता, तोही एका कागदाच्या भरवशावर. त्या कागदावर 1603 हे साल कुठेच नव्हतं. याचा मला राग येतो. नाव हिरावून घेतलेल्या माणसांच्या पणतूला तुम्ही पुन्हा चुकीचं नाव विकता?

त्याने दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली. पुढे वर्षभर घरातली जुनी पत्रं चाळली आणि मग गोंदवली ती पाइनची डहाळी. पाइन हे मॅकग्रेगरांचं झाड. मनगटापासून कोपरापर्यंत गेलेली डहाळी, आणि टॅटूवालीने सुया जोडी-जोडीने काढल्यात. स्कॉट्स पाइनच्या सुया तशाच येतात, दोन-दोन. शेजारी बंद शंकू, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. शब्द एकही नाही.

टार्टनबद्दलही विचारणार तुम्ही. आपण ज्याला क्लॅनचा टार्टन म्हणतो ती आडनावनिहाय यादी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. 1703 साली स्काय बेटावरच्या मार्टिन मार्टिनने लिहून ठेवलंय की कापडाच्या चौकड्यांवरून माणूस कुठल्या भागातला ते ओळखता येतं. भाग ओळखता येतो म्हणाला तो, आडनाव नव्हे. मग 1746मध्ये कलॉडनच्या लढाईत राजाविरुद्ध उठलेल्या हायलँडमधल्या, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या, बंडखोरांचा पराभव झाला, पाठोपाठ पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं सागरापार हद्दपारी. बंदी उठली 1782 साली. पुढे 1822मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने थाट मांडला, आणि जो तो आपल्या कुळाचा टार्टन शोधू लागला. विणकरांनी तो पुरवला. म्हणून टार्टन खोटा असं मी म्हणत नाही. दोनशे वर्षं प्रेमाने नेसलेलं कापड खरंच असतं. पण कातडीवर चौकडी टिकत नाही. दंड गोल असतो, रेषा वाकतात.

हो, आणि एक आपल्या मातीतलं. 78वी हायलँडर्स ही ब्रिटिश फौजेतली पलटण 1793 साली मॅकेंझींच्या चीफने उभी केली. 23 सप्टेंबर 1803ला ती पलटण लढली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. त्या लढाईबद्दल पलटणीला हत्तीचं चिन्ह आणि ‘असई’ हे नाव मिळालं. तुमच्या घरातल्या मॅकेंझी मुलाने तो हत्ती गोंदवायचा म्हटलं तर आधी त्याला असई कुठे आहे ते नकाशावर दाखवा आणि समोरच्या बाजूला कोण होतं तेही सांगा. मग त्याने ठरवावं. दोन्हीकडचं रक्त त्याच्याच अंगात आहे.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भराभर सांगते.

पहिली पसंती कुळाच्या वनस्पतीला. मॅक्लाउडांचं ज्युनिपर, फ्रेझरांचा यू वृक्ष, मॅकडोनाल्डांचं हेदर, कॅम्बेलांचं बॉग मर्टल. ही डहाळी साधा शिपाईगडीही टोपीत खोचायचा. आपल्याकडे लग्नात कळंबाची किंवा उंबराची फांदी देवक म्हणून मांडतात, त्याच जातीची ही गोष्ट. तिच्यावर कुणा एकाचा हक्क नाही.

दुसरी पसंती जागेला. कुळातली सगळी माणसं रक्ताची नव्हती, चीफच्या जमिनीवर राहणाऱ्या कितीतरी कुळवाड्यांनी त्याचं आडनाव लावलं. तेव्हा पूर्वज ज्या गावातून, ज्या दरीतून हुसकले गेले किंवा बोटीत बसले ते ठिकाण शोधा. पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांची, रजिस्टरं स्कॉटलंडच्या सरकारी वेबसाइटवर बघता येतात. त्या डोंगराची कड किंवा बेटाचा आकार गोंदवा.

क्रेस्टच हवं असेल तर पट्ट्यासकट, आणि मोठं. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते आणि वर्षांगणिक पसरते. एका मॅक्लाउड गृहस्थांच्या हातावर मी पाहिलंय, बैल ठीक आहे, पण बकलचा काळा ठिपका झालाय आणि ‘होल्ड फास्ट’ची अक्षरं एकमेकांत गेलीत. चीफचं पूर्ण ढालीचं मानचिन्ह मात्र कुणीही गोंदवू नये.

गेलिक शब्द असतील तर गेलिक रोज बोलणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय सुई लावू देऊ नका. अक्षरांवरची तिरकी रेघसुद्धा तपासून घ्या, ती गळली की शब्द चुकतो. टॅटूवाल्याकडे कौन्सिलचं लायसन्स आहे का ते भिंतीवर बघा. बाकी सुजेचं, मलमाचं तो सांगेल.

तिसऱ्या रांगेतल्या वहिनींचा हात केव्हाचा वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.