बादलीतलं छाट कलम : फांदीला मुळं फुटतात कशी

मंडळी, मनी प्लांटची वेल पाण्याच्या बाटलीत खोचली की आठवड्याभरात मुळं सोडते. त्याच बाटलीत गुलाबाची फांदी ठेवली तर तिचं टोक काळं पडतं, पाण्याला वास मारायला लागतो आणि पानं गळतात. हे इथल्या बहुतेकांनी पाहिलं असेल. बाटली तीच, पाणी तेच, मग फरक कुठे पडतो? मनी प्लांटच्या प्रत्येक पेरापाशी मुळांचे कोंब आधीच तयार बसलेले असतात, त्यांना फक्त ओल लागते. गुलाबाला, जास्वंदीला मुळं अगदी नव्याने घडवावी लागतात. कापलेल्या टोकाजवळच्या पेशींनी आपलं जुनं काम सोडायचं, पुन्हा विभागायला लागायचं आणि त्यातून मूळ तयार करायचं. हे फार कष्टाचं काम आहे. त्याला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी पेशींना श्वास घ्यावा लागतो.

आता आकडे पाहा. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. शिवाय साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे टोकाजवळचा साठा संपला की नवा येईपर्यंत फांदी गुदमरते, आणि कमी हवेत वाढणारे जिवाणू तिच्यावर बसतात. फांदी सडली की आपण म्हणतो पाणी जास्त झालं. खरं तर हवा कमी पडलेली असते. आज आपण जो क्लोनर, म्हणजे फांद्यांना मुळं फोडणारी बादली, बनवणार आहोत तो हवेचा हा प्रश्न सोडवतो. फांदीचं टोक हवेत लटकतं आणि खालून उडणारं पाणी त्याला सतत ओलं ठेवतं.

यामागे एका माणसाचं नाव दोनदा येतं, म्हणून थोडं थांबतो. फ्रिट्स वेंट हे डच वनस्पतिशास्त्रज्ञ. १९२६ साली उट्रेख्टमध्ये त्यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांची टोकं कापून अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, थरावर ठेवली. काही वेळाने टोकं काढून टाकली, अगरचे छोटे चौकोन केले आणि त्यातला एकेक चौकोन टोक कापलेल्या कोंबावर एका बाजूला सरकवून बसवला. कोंब वाकला! टोकातून काहीतरी द्रव्य अगरमध्ये उतरलं होतं आणि त्यानेच वाढ घडवली होती. ते ऑक्सिन. हेच द्रव्य मुळंही फोडतं, हे पुढे १९३०च्या दशकात स्पष्ट झालं. कोवळ्या शेंड्यात आणि पानांत ते तयार होतं, खोडातून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साचतं. म्हणून छाटावर, म्हणजे लावायला कापलेल्या फांदीवर, एक-दोन पानं ठेवायचीच असतात. सगळी पानं काढून काडी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. याच वेंट यांनी पुढे मुळं हवेत लटकवून, त्यांच्यावर तुषार उडवून कॉफीची आणि टोमॅटोची झाडं वाढवली आणि १९५७ साली त्या पद्धतीला एअरोपोनिक्स हे नाव दिलं. आपली बादली त्याच घराण्यातली.

सामान सांगतो. रंगाची २० लिटरची झाकणाची बादली, स्वच्छ धुतलेली. कूलरचा छोटा पाण्यात बुडणारा पंप, १८ वॉटचा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, तो जोडायला दोन-तीन टी आणि एल्बो. झाकणाला होल सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) दीड इंची भोकं पाडायची, आठ-दहा पुरेत. भोकात फांदी धरायला बाजारात निओप्रीनच्या चकत्या मिळतात, पण हवाई चपलेच्या जुन्या रबरातून कापलेली, मध्यापर्यंत चीर दिलेली चकती तेच काम करते. बादली पांढरी असेल तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. आत उजेड गेला की शेवाळ धरतं, आणि बाहेरून काळी राहिली तर उन्हात तापते.

आता जिथे बहुतेकांचे पैसे वाया जातात ती गोष्ट. ठिबकच्या दुकानात फॉगर दिसतात, धुक्यासारखा फवारा देणारे. ते घेऊ नका. फॉगरला साधारण तीन-चार किलो दाब लागतो. कूलरचा पंप पाणी जेमतेम दोन मीटर उंच चढवतो. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, म्हणजे आपल्याकडे दाब आहे शून्य पूर्णांक दोन किलो. फॉगरमधून नुसतं पाणी गळेल. त्यापेक्षा पाइपचं चौकोनी कडं करा, वरच्या अंगाला दीड मिलिमीटरच्या ड्रिलने डझनभर भोकं पाडा. त्यातून उडणाऱ्या धारा झाकणाच्या आतल्या बाजूवर आपटून फुटतात आणि सगळीकडे शिंतोडे होतात. मुळं फुटायला एवढं पुरतं. पंपावर जुना नायलॉनचा मोजा चढवा, म्हणजे भोकं तुंबणार नाहीत. बोअरचं पाणी जड असेल तर तरीही क्षार धरतो, तेव्हा कडं व्हिनेगरमध्ये भिजवून धुवा. पाणी दहा लिटर भरा. पाण्याची पातळी आणि फांदीचं टोक यांत किमान चार बोटं अंतर हवं.

विजेबद्दल मात्र मी कुणालाही सूट देणार नाही. पाण्यातला पंप आहे, तेव्हा तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेली लाइन. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडेल. बादलीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.

आपल्या हवेत या यंत्राचा खरा शत्रू उष्णता. १८ वॉटचा पंप तासभर चालला तर सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता पाण्यात सोडतो. दहा लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४२ लागतात. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासाला दीड अंश! प्रत्यक्षात काही उष्णता निघून जाते, तरी एप्रिलमध्ये नागपूर-जळगावकडे दिवसभर पंप चालू ठेवला तर पाणी कोमट होतं, ऑक्सिजन घटतो आणि सड येते. म्हणून पंधरा मिनिटांच्या खाचांचा साधा टायमर लावा : पंधरा मिनिटं चालू, पंधरा किंवा तीस बंद. बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कोरड्या हवेत त्याने चांगला फरक पडतो. कोकणात, गोव्यात हवा दमट, तिथे गोणपाटाचा फारसा उपयोग नाही, बर्फाची बंद बाटली पाण्यात सोडा. पाणी २० ते २६ अंशांत राहिलं तर निम्मी लढाई जिंकलात. पावसाळा सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो.

छाट सकाळी घ्या, फांदी पाण्याने भरलेली असते तेव्हा. फार कोवळी नको, फार जून नको; वाकवली तर वाकेल पण मोडताना कट्कन मोडेल अशी. वीतभर लांबी, तीन-चार पेरं. पेराच्या लगेच खाली धारदार, पुसलेल्या ब्लेडने काप. कात्रीने टोक चेंगरतं. कळ्या असतील तर खुडा. खालची पानं काढा, वरची मोठी असतील तर अर्धी कापा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं, म्हणून बादली सावलीत ठेवायची. पुदिना, तुळस, कोलिअस, टोमॅटोचे बगलफुटवे यांना मुळं फोडणाऱ्या पावडरची गरज नाही. गुलाब, जास्वंद, मोगऱ्याला आयबीए, म्हणजे ऑक्सिनच्याच जातीची पावडर, लावा, कोवळ्याला १००० पीपीएम, अर्धजूनला ३०००. पाण्यात खत अजिबात नको. खत शोषायला मुळंच नाहीत, ते शेवाळ आणि जिवाणू खातात. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. वीज गेली तर झाकण उघडू नका, आत दमटपणा काही वेळ टिकतो.

पाच-सहा दिवसांनी जास्वंदीच्या खोडावर पांढरे, मऊ, दाण्यासारखे उंचवटे दिसतील. अनेकजण ही मुळं समजून आनंदाने छाट उचलतात. ती मुळं नव्हेत, ती खोडाची श्वासरंध्रं, ओलाव्याने फुगलेली. छाट परत खाली ठेवा. मुळं बहुधा टोकाच्या आसपास, साल फोडून येतात. टणक, टोकदार आणि किंचित पिवळसर. पुदिन्याला आठवडा पुरतो, जास्वंद-गुलाबाला दोन ते चार आठवडे लागतात. टोक तपकिरी आणि बुळबुळीत झालं तर तेवढा छाट लगेच काढा, बाकीच्यांना लागण होते.

सगळ्याच झाडांसाठी ही बादली नाही. चाफ्याचा छाट चीक वाळवून, काही दिवस सावलीत ठेवून कोरड्या मातीतच लावा, इथे तो कुजतो. पुरंदरकडचे शेतकरी अंजिराच्या जून काड्या मातीतच लावतात, नाशिककडे द्राक्षाच्या कलमासाठी वापरायचे डॉगरिज जातीचे खुंट पिशवीत उत्तम फुटतात. तिथे पंप कशाला चालवायचा? आंब्याच्या छाटाला मुळं क्वचितच येतात, त्याला कोय कलम किंवा भेट कलमच.

मुळं तीन-चार सेंटीमीटर झाली की लगेच लावा. जास्त वाढू दिलीत तर गुंतून तुटतात. पाण्याच्या तुषारात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर मुळरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, कमी असतात. म्हणून कुंडीत थेट काळी माती नको, भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि थोडी वाळू. आधी खड्डा करा, मुळं मोकळी सोडा, मिश्रण बाजूने भुरभुरवा आणि बोटांनी दाबू नका, पाणी घालूनच बसू द्या. वर पारदर्शक पिशवी उपडी घाला. तीन दिवसांनी तिला एक भोक पाडा, मग दोन, मग चार. आठ-दहा दिवसांत पिशवी काढायची. दुपारी पानं माना टाकत असतील तर पिशवी परत घाला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काढा.