बोहोरोकच्या पाण्यावरून परत

सकाळचे साडेआठ. हे बुकित लावांग. सुमात्राच्या उत्तर भागातलं, मेदान शहरापासून नव्वदेक किलोमीटरवरचं नदीकाठचं गाव. अंतर ऐकून दोन तासांचा हिशेब करू नका. रस्ता असा आहे की तीन-चार तास सहज जातात, आणि त्यातला बराचसा वेळ खिडकीबाहेर एकच झाड दिसत राहतं. तेलताड. मैलोन्‌मैल. इंडोनेशियाच्या पामतेलाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे. आपल्या फरसाणाचं मूळ हे असं रांगेत उभं आहे.

ताड संपतात, नदी येते. झुलता पूल ओलांडला की गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यान. जवळपास ८ हजार चौरस किलोमीटरचं रान. वाघ, हत्ती, गेंडा आणि ओरांगउटान हे चौघं एकत्र राहतात असा जगातला हा शेवटचा टापू. आधीच सांगून टाकतो, एका दिवसात वाघ दिसत नाही. गेंडा तर विसराच.

आमच्या गाईडला सगळे ‘बांग’ म्हणतात. ‘आबांग’चं ते लहान रूप, म्हणजे थोरला भाऊ. मग आम्हीही त्याला सरळ दादा म्हणायला लागलो आणि तो ओ द्यायला लागला. हत्तीला ते ‘गाजा’ म्हणतात, भाषेला ‘बहासा’. इतकं शब्दभांडवल मिळालं की माणूस निर्धास्त चालतो.

सुरुवातीला रबराची झाडं. खोडावर तिरकी चीर, चिरेच्या टोकाला करवंटी, आणि तिच्यात थेंब थेंब पडणारा पांढरा चीक. त्यापुढे मात्र चढ. पायऱ्या नाहीत, झाडांची मुळंच पायऱ्या. तांबडी माती ओली, हवा त्याहून ओली. जळवांसाठी मोजे पँटवर ओढून घेतलेले, तरी एक जळू पोटापर्यंत पोचलीच. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेल्यांनी हसू नये.

वर बघा. करड्या अंगाचं, पांढऱ्या पोटाचं, डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा असलेलं हे माकड. थॉमस लंगूर. इथले लोक त्याला ‘केडीह’ म्हणतात. हे फक्त उत्तर सुमात्रात सापडतं.

आणि मग दादानं हात वर केला. सगळे थांबलो.

फांद्या हलल्या, तांबूस केस दिसले. मादी, आणि तिच्या कुशीला घट्ट धरून बसलेलं पिल्लू. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे रान. सुमात्रातली ओरांगउटान मादी दोन बाळंतपणांत आठ-नऊ वर्षं जाऊ देते. एवढ्या काळात पिल्लाला ती रान शिकवते. कुठलं फळ कधी पिकतं, रोज संध्याकाळी फांद्या मोडून झोपायची गादी कशी करायची, हे सगळं.

ही मादी आमच्याकडे बघत खाली येऊ लागली. आम्हाला आनंद झाला, दादाला नाही. ‘मागे, मागे,’ तो पुटपुटला. तिची नजर आमच्यावर नव्हती, पिशव्यांवर होती.

पिशव्यांवर का, त्याची गोष्ट १९७३ सालची. रेगिना फ्राय आणि मोनिका बोर्नर या दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ बायकांनी इथे पुनर्वसन केंद्र काढलं. पिंजऱ्यातून सोडवलेल्या ओरांगउटानांना पुन्हा रानात राहायला शिकवायचं. त्यांना मचाणावर केळी दिली जात, ती बघायला पाहुणे येऊ लागले, पाहुण्यांच्या मागोमाग हॉटेलं आली. मचाण आता बंद आहे. पण माणूस म्हणजे केळं, हे काहींच्या डोक्यातून गेलेलं नाही. आमच्यासमोर दुसऱ्या एका गटाच्या गाईडनं पिशवीतून केळं काढलं. फोटो सुंदर आले असतील. पण आपली सर्दी, आपला फ्लू यांनाही होतो, आणि अख्ख्या जगात सुमात्राचे ओरांगउटान उरलेत सुमारे १४ हजार.

आम्ही टेकडी उतरून बऱ्याच लांब गेल्यावर जेवलो. केळीच्या पानात बांधलेला नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, आणि नंतर अननस. साली दादानं एकेक करून गोळा केल्या.

दुपारी तीनला खाली नदी लागली. बोहोरोक. काठावर ट्रकच्या काळ्या ट्यूब तयार. गावच्या विहिरीत ट्यूबवर पोहायला शिकलेल्यांना तिचा व्हॉल्व्ह पोटाला कसा ओरबाडतो ते आठवत असेल. इथे त्यावर रबराची पट्टी गुंडाळतात. चार ट्यूब दोरीनं एका रांगेत बांधायच्या, मध्ये दोरीचं जाळं. सामान प्लास्टिकच्या पोत्यात, तोंड पिळून बांधलेलं. पुढे एक जण बांबू घेऊन, मागे दुसरा.

‘आवास!’ दादा ओरडतो. आपल्या कानाला घरकुलाची योजना. त्याच्या भाषेत ‘सांभाळा’. बांबू खडकाला टेकतो, रांग सापासारखी वळते, थंडगार पाणी थेट मांडीवर. मग एकदम संथ डोह. दोन्ही काठांना रान, वर पट्टीएवढं आभाळ.

याच पाण्यानं २ नोव्हेंबर २००३ च्या रात्री हे गाव धुऊन नेलं. डोंगरात पाऊस, दरडी, आणि लोंढ्याबरोबर आलेले ओंडके. २०० हून जास्त माणसं गेली. कुणी बेकायदा तोडीला दोष दिला, काही अभ्यासकांनी मुळातल्या उभ्या उतारांना. दादा तेव्हा शाळेत होता. एवढंच तो सांगतो आणि बांबू पाण्यात घालतो.

वीसेक मिनिटांत घरं दिसू लागतात. काठावर बायका कपडे धुताहेत, पोरं पुलाखालून उड्या मारताहेत. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरतो, ट्यूब डोक्यावर घेतो. दादा पोत्याचं तोंड सोडून आधी सालींची पिशवी काढतो आणि घरामागे नेऊन रिकामी करतो. कोंबड्या धावत येतात.